वजा पंचेचाळीस

—सही करायला माझा हात झिजत नाही रे, करते, पण आधी कॉफी पी. गाळ खाली बसू दे नि मग पी, नाहीतर दातांत अडकेल. आणि कपाकडे असा बघू नकोस, या घरात डुकराची भांडी वेगळी, पाहुण्यांची वेगळी – तुम्ही लामोंगानकडची मुसलमान माणसं आम्हा ख्रिस्ती बाताकांच्या घरी आलात की आधी भांड्याकडे बघता, मग माणसाकडे. तीस वर्षं झाली मला जावात येऊन, अजून तेच. आणि आवाज मोठा आहे म्हणून दचकू नकोस, मी भांडत नाहीये. तोबा तळ्याच्या काठची माणसं आम्ही, आमच्यात लाडानं जेवायला बोलावलं तरी शेजाऱ्याला वाटतं आता डोकी फुटणार. तुमचं उलट – तुम्ही हसायला लागलात की समजावं, माणूस चिडलाय. तू आत्ता हसतोयस. चिडलायस? नाही? मग बस नीट, टेकून. दानुर नाव ना तुझं? बघ, माझ्या लक्षात राहतं. तीन वर्षं झाली मिथेनॉलचा तो कारखाना सोडून, तीन वर्षांत या ओट्यावर एक कुत्रं फिरकलं नाही, आणि आज एकदम इंजिनिअर, गाडी, फाईल – टिओरलिनाबाई, गणित तुमचं आहे, तुमची सही हवी. हवीच. नऊ वर्षं घासलीत मी त्यावर.

भट्टीचं चित्र देखणं काढलंयस. वर बर्नरपाशी पिवळं, खाली उतरावं तसं लाल, मग तपकिरी. साहेब लोकांना रंग आवडतात. पण भट्टीत रंग नसतो, ठाऊक आहे ना? गेलायस कधी झरोक्यापाशी? एकदाच? मग तुला काय ठाऊक. नवा माणूस झरोक्यातून आत बघतो नि म्हणतो, बाई, आग कुठंय? नळ्या लाल दिसतात, भिंती पांढऱ्याफटक, आणि मधे काहीच नाही, रिकामी खोली. मारेकरी त्या रिकाम्या खोलीतच उभा असतो बाबा. जळून झालेला वायू, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ – डोळ्याला दिसत नाही, पण धग अशी फेकतो की हात पुढे केलास तर कातडी हातमोज्यासारखी निघून येईल. माझं गणित त्या न दिसणाऱ्या धगीचं. भट्टीचे ठोकळे पाडायचे, विटा रचल्यासारखे, आणि प्रत्येक ठोकळ्यातला वायू किती धग फेकतो, किती गिळतो, शेजारच्या ठोकळ्याला किती, नळीला किती – असं मांडत जायचं. लाखांनी ठोकळे. लोक हसायचे मला, म्हणायचे बाई हवेचा हिशोब करते. हसायचे आणि गरज लागली की माझ्याच दारात यायचे.

आग किती वाढवताय? सहा टक्के. हं. दे ती फाईल. अशी काय छातीशी धरून बसलायस, मी काय चावते? दे. – अरे वा, वही तीच आहे, रकानेही तेच. मोजलेलं, दुरुस्ती, खरं. हे रकाने मी आखलेत, माहितीये? माझ्या हातानं, फूटपट्टी घेऊन. नळी किती तापलीये ते पायरोमीटरनं मोजायचं, ते पिस्तुलासारखं यंत्र झरोक्यातून नळीवर रोखायचं, आकडा येतो. पण नळीवर भिंतीचीही चकाकी पडते, तीही त्यात मिसळते, म्हणून आकडा थोडा जास्त येतो. खोटं नाही, खरंच येतो. म्हणून थोडं वजा करायचं. किती? आमच्या भट्टीला दहा, फार तर बारा अंश. हे काय लिहिलंय? वाच. मोठ्यानं वाच. वजा पंचेचाळीस. अजून पंचेचाळीस. अरे, तीन वर्षांत एकाही गाढवाला विचारावंसं वाटलं नाही की हे पंचेचाळीस आले कुठून?

माझ्याकडून आले. बस खाली, उठतोयस कुठं. कासमुरी नावाचा माणूस होता, त्या खालच्या मचाणावर, चौथ्या रांगेच्या झरोक्यापाशी. मदुरा बेटावरचा. वीस वर्षं तो नळ्या मोजत होता. माझं गणित म्हणायचं एकतिसाव्या नळीला खालच्या टोकाशी नऊशे पंधरा. मर्यादा नऊशे वीसची. कासमुरी मोजून आणायचा नऊशे साठ, नऊशे बासष्ट. रोज. मी म्हणायची, कासमुरीदादा, यंत्र चुकतंय. यंत्र सुराबायाला पाठवलं, तपासून आलं, बरोबर निघालं. मग भिंतीची चकाकी. दहा वजा केले, जुळेना. वीस केले, तीस केले. शेवटी पंचेचाळीसवर जुळलं तेव्हा मी म्हटलं, सापडली, हीच खरी दुरुस्ती. असं करतात, दानुर, आमच्या धंद्यात सगळे असंच करतात, गणित गोरंगोमटं असतं आणि मोजणारा घामट असतो, म्हणून मोजणाऱ्याचा आकडा वळवायचा. कासमुरी अडाणी नव्हता. त्यानं ‘खरं’चा रकाना भरायचंच सोडलं. मोजलेलं लिहायचा, दुरुस्ती लिहायचा, पुढं कोरं. पानंच्या पानं कोरी. मला बघून तळपायाची आग मस्तकात जायची. भर बैठकीत, वीस माणसांसमोर मी त्याला म्हटलं, दादा, तुम्ही डोळे तपासून घ्या, म्हातारपण कुणाला चुकलंय. सगळे हसले. तोही हसला. जावात राहून शिकला होता, चिडल्यावर हसायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा वर गेला. डोळ्यांवर बोलले होते ना मी, म्हणून तोंडावरची काच वर केली. काचेआडून नेम नीट लागत नाही. झरोक्याचं दार पूर्ण उघडलं नि डोळा यंत्राला लावला. मी खाली होते, पंचवीस पावलांवर, त्याला खाली ये म्हणून ओरडणार होते – म्हणजे काच वर आहे म्हणून नव्हे, बैठकीची वेळ झाली होती म्हणून. एकतिसावी नळी फाटली. आवाज? आवाज असा आला की माझे दोन्ही कान तीन दिवस बंद. नळीतला वायू बाहेरच्या हवेच्या वीस-पंचवीस पट दाबाचा, फाटलेल्या तोंडातून सुटला तो शेजारच्या नळीवर आदळला, तिला कापून तिसरीवर. भट्टी फुगली आणि जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडली. कासमुरीच्या झरोक्यातून पडली. आणि दानुर, दुपार होती. लख्ख ऊन. त्या वायूत बहुतेक हायड्रोजन, त्याची आग उन्हात दिसत नाही. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माणूस मचाणावर नाचतोय, स्वतःच्या तोंडावर थपडा मारतोय, आणि आग नाही. मला वाटलं गांधीलमाश्या चावल्या. देवाशपथ, पहिल्यांदा हेच वाटलं. मग त्याचे केस गेले. मग ओठ मागे सरकले नि दात दिसायला लागले, सगळे, दाढांपर्यंत. तो कठड्याला धरून राहिला आणि त्याला ओढून काढलं तेव्हा हाताची कातडी कठड्यालाच राहिली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ती पाहिली, वाळून चिकटलेली, सफाईवाला खरवडत होता. मी त्या सफाईवाल्याच्या कानाखाली जाळ काढला. त्याचा काय दोष? काही नाही. समोर होता.

काय म्हणतोस? चौकशीत नळी कच्ची निघाली? हो, तेच लिहिलंय. नळी ओतताना कच्ची राहिली आणि मृत कामगारानं काच वर केली. दोन ओळी. मला कुणी काही विचारलं नाही. ऐक, घाबरू नकोस, तुझं तोंड पांढरं पडलंय. आताचं गणित बरोबर आहे. चूक मी काढून टाकली, नोकरी सोडायच्या आदल्या आठवड्यात, एक ओळ बदलली फक्त. चूक काय होती सांगू? वायू किती धग गिळतो ते किरणाला त्याच्यातून किती लांब जायचंय त्यावर असतं. ती लांबी अख्ख्या भट्टीवरून काढायची, तीनेक मीटर येते. मी ती ठोकळ्याच्या बाजूवरून घेत होते. सुरुवातीला ठोकळेच मीटर-मीटरचे, फारसं बिघडायचं नाही. मग नवा संगणक आला, हौस आली, ठोकळे चार बोटांचे केले – चित्र असं देखणं यायला लागलं म्हणून सांगू – आणि गणितातला वायू खादाड झाला. वरच्या वर, बर्नरपाशीच सगळी धग ओकून मोकळा, खाली पोचायचा तो गार होऊन. कागदावर गार. खऱ्या भट्टीत तो तसाच पेटलेला खाली येत होता आणि कासमुरीच्या झरोक्यातल्या नळ्या भाजत होता. पोरासोरांची चूक. कळली तेव्हा मला माझंच मुस्काट फोडावंसं वाटलं. अपघातानंतर कळली, अर्थात. नंतर.

मी नाही शोधली, हाबेलनं. हाबेल पात्तिआसिना, आंबोनचा, शेजारच्या टेबलावर बसायचा, सतरा वर्षं. गाणारा माणूस, काम करताना पण गुणगुणायचा, डोकं उठायचं. त्यानं तीच भट्टी मोठ्या ठोकळ्यांनी केली, मग लहान ठोकळ्यांनी, आणि दोन उत्तरं घेऊन माझ्यासमोर आला. म्हणाला, टिओरलिना, ठोकळा बदलला की उत्तर बदलतं, हे गणित आहे की ज्योतिष? हसून म्हणाला. मागे चारजण बसलेले. माझ्या टेबलावर जुन्या नळीचं कापलेलं कडं असायचं, कागद उडू नयेत म्हणून, दीड किलोचं. मी ते फेकलं नाही, फेकलं असतं तर चुकलं असतं. हातात धरून मारलं. जबड्यावर. आवाज कसा येतो सांगू, ओली फांदी मोडल्यासारखा, फार मोठा नाही. हाबेल जेवायला बसावं तसा जमिनीवर बसला. एक दात माझ्या चहात. हात मारण्यात आम्हा तळ्याकाठच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही, माझी आई म्हशीला आडवी पाडायची. इस्पितळात तो म्हणाला स्कूटरवरून पडलो. भला माणूस. आणि गंमत ऐक, पुढे तीन दिवसांनी सतरा ऑगस्ट, स्वातंत्र्यदिनाचे खेळ, कारखान्याच्या पटांगणात, लाल-पांढऱ्या पताका, दोरीला टांगलेल्या पापड्या नि हात मागे बांधून तोंडानं खायच्या. हाबेल दरवर्षीचा पहिला. त्या वर्षी जबडा तारेनं बांधलेला, तरी रांगेत येऊन उभा राहिला, नाकानं पापडीला ढोसतोय, कासमुरी शेजारी उभा राहून त्याला ओरडून प्रोत्साहन देतोय, हसून हसून माझ्या डोळ्यांत—

काय झालं? असा काय बघतोस?

बोटं काय मोजतोयस टेबलाखाली? कासमुरी कुठं? कासमुरी पटांगणात... हो, सतरा ऑगस्टला. अपघात अठ्ठावीसचा. मग? मोज ना, मोठा इंजिनिअर ना तू. सतरातून तीन गेले चौदा. चौदा ऑगस्टला हाबेल कागद घेऊन आला. चौदा दिवस. कागद माझ्या खणात होते, रक्त पडलं होतं कोपऱ्यावर, मी कोपरा कापून टाकला आणि बाकीचे ठेवले. रोज रात्री काढायची नि बघायची. तिसऱ्या दिवशीच मला कळलं होतं तो बरोबर आहे. तिसऱ्या. त्या पापड्यांच्या खेळात मी हसत होते तेव्हा मला माहीत होतं. आणि सत्तावीसला बैठकीत मी कासमुरीला डोळे तपासायला सांगितलं तेव्हाही माहीत होतं, म्हणून तर सांगितलं, ज्याचं बरोबर असतं त्याला पहिल्यांदा खाली पाडावं लागतं. तोंड बंद कर, माशी जाईल. तुला काय वाटलं, म्हातारी गमती सांगतेय? हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते. पापडीनं घात केला.

सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला गेले होते मी त्याच्या घरी. मारहामा, त्याची बायको, एवढीशी आहे, माझ्या खांद्याला लागते. मनात होतं, हिनं मला मारावं. पातेलं उचलून डोक्यात घालावं. मी तिच्या इतक्या जवळ जाऊन उभी राहिले की तिला हात उचलायला सोपं पडावं. तिनं भात बांधून दिला, पानात, वर अंडं. म्हणाली, ते नेहमी सांगायचे, बाईंचं डोकं फार मोठं, माझा आकडा बाई दुरुस्त करून घेतात. घरी येऊन मी तो भात भिंतीवर फेकला आणि मग भिंतीवरून काढून खाल्ला. बोलले मात्र नाही. ती ओळ तेवढी बदलली, गुपचूप, कुणाला न सांगता, आणि राजीनामा दिला. तब्येतीचं कारण. म्हटलं निदान आता भट्टीवरचा माणूस सुखरूप.

सही हवी ना, दे पेन. गणित बरोबर आहे, त्याखाली मी सही करीन, बाकी तू ऐकलंस ते इथंच सोड. कुठं करू – थांब. हे काय? गेल्या महिन्याचं. मोजलेलं नऊशे साठ, वजा पंचेचाळीस, खरं नऊशे पंधरा. आणि हा शेवटचा रकाना, गणिताचा – नऊशे चौदा. हे जुळतं कसं? दानुर, हे जुळायला नको. मी बदललेलं गणित इथं साडेनऊशे सांगेल. हे नऊशे चौदा आणलं कुठून? बोल. कॉलर मी धरलीये, गळा नाही, बोलता येतं तुला. – जुळत नव्हतं म्हणून? ‘खरं’च्या रकान्याशी जुळत नव्हतं, म्हणून तू जुनी प्रत शोधून परत लावलीस? तूच? आणि शाबासकी मिळाली. अरे देवा. तुझी काय चूक, तुला कोण सांगणार होतं. माझं खोटं झाकायला मी आकडे वाकवले आणि तू त्या वाकड्या आकड्यांवर घासून माझं खरं फेकून दिलंस. बाजूला हो. सोडली कॉलर, घे, बटण तुटलं तुझं.

सहा टक्के कधीपासून? काय? सही नंतर घेऊ म्हणून सकाळपासूनच? आज? लाव फोन, नियंत्रण कक्षाला लाव, माझ्यासमोर, म्हणावं आग खाली आणा, दहा टक्के खाली. – काय म्हणतात? साहेब सुराबायाला बैठकीत, त्यांच्या परवानगीशिवाय हात लावणार नाहीत. सांग टिओरलिना सिहोतांग सांगतेय. – हसतात? बरं. चौथ्या रांगेच्या झरोक्यात आज कोण आहे? विचार ना, थोबाड काय बघतोस माझं.

फौजान. कुठला फौजान? कासमुरीचा फौजान? बापाच्या जागी घेतला. बापाच्या झरोक्यात उभा केलात त्याला, तेच पिस्तूल देऊन, आणि पंचेचाळीस वजा करायला शिकवलंत. मचाणावर फोन नेत नाहीत, तेही खरं. ऐक, गाडी काढ आणि जा. चाळीस मिनिटं लागतात, तीसमध्ये जा. वर चढ आणि त्याला मानगूट धरून खाली आण, ऐकला नाही तर हाण, पण खाली आण. कॉफी राहू दे. फाईल इथंच ठेव, तिच्यावर मला लिहायचंय, चौदा ऑगस्टपासून सगळं, हाबेलच्या नावासकट, सही त्याच्याखाली करते. जा म्हटलं ना. तुझा फोन? तो ठेवून जा, माझ्याकडे मारहामाचा नंबर आहे, तीन वर्षं आहे, लावला नाही कधी. तिचं घर गेटला लागून. ती तुझ्याआधी पोचेल. निघ.

...हॅलो? मारहामाबाई? मी टिओरलिना. कारखान्यातली, हो, तीच. बऱ्या आहात ना? नाही, जेवायचं नंतर बोलू, आधी ऐका. चपला घाला आणि गेटवर जा. पहारेकऱ्याला सांगा घरी कुणीतरी मेलंय, काहीही सांगा, पण फौजानला झरोक्यापासून खाली बोलवा, आत्ता. – का म्हणजे... सांगते. नाही, बसू नका, चालता चालता ऐका. तुमच्या नवऱ्याचे डोळे चांगले होते. त्यांचा आकडा बरोबर होता, मी जे वजा करत होते ते खोटं होतं, आणि मला ते त्यांच्या आधी... मला चौदा दिवस आधी दाखवलं होतं. मी बोलले नाही. मी त्यांना वर पाठवलं.

मारहामाबाई?

चालताय ना?